एकाच नावाचे दोन (कधी तीन!) कलाकार: तुमचे गोंधळ इथे टाका

खिडकीसीट

'सिंघम' (२०११) मधे सोनाली कुलकर्णी आहे. 'सिंघम रिटर्न्स' (२०१४) मधेपण सोनाली कुलकर्णी आहे. आणि या दोघी वेगळ्या आहेत! हे मी ऑफिसात सांगितलं तर तिघांनी मला वेड्यात काढलं, तिघेही मराठी, बीकेसीत एसीत बसून डोकं गार पडलंय बहुतेक.

पहिल्यातली 'दोघी' आणि 'दिल चाहता है'वाली, दुसऱ्यातली 'नटरंग'मधली अप्सरा. दोघी पुण्याच्या, दोघी मराठी-हिंदी दोन्हीकडे काम करणाऱ्या, वयात चौदाएक वर्षांचा फरक. धाकटीने इंग्रजी स्पेलिंगमधे शेवटी दोन ई लावून घेतलेत म्हणून पोस्टरवर तरी ओळखता येतं, पण मराठीत लिहिलं की खेळ खल्लास, 'सोनाली कुलकर्णीचा नवा सिनेमा' एवढंच वाचून कोण ते ओळखून दाखवा.

तर धागा याचसाठी. संगीत, नाटक, सिनेमा, चित्रकला, साहित्य, काहीही चालेल. माझं म्हणणं असं की आपल्याकडे याची कुणी शिस्त लावलीच नाही, लोकच सीनियर-ज्युनियर, दीदी-बाई, अमुकवाला-तमुकवाला अशी शेपटं लावून वेळ निभावतात, आणि त्यात ज्याचं नाव कमी ठाऊक त्याचं काम दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं.

नियम एकच, आख्खं नाव सारखं हवं. नुसतं पहिलं नाव सारखं असेल तर लोक नुसत्या त्याच नावाने हाक मारत असतील तरच चालेल. नाहीतर 'वसंत' म्हटलं की देसाई, पवार, प्रभू, कानेटकर, बापट, सबनीस, सरवटे, डहाके सगळे येतील आणि मला रात्रभर इथे बसावं लागेल.

अवांतरराव

त्याच 'सिंघम रिटर्न्स'मधे झाकिर हुसेनपण आहेत. तबल्याचे नव्हेत, खलनायकाचे. बसा आता.

(पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत)

टेपरेकॉर्डर

मस्त धागा. माझ्याकडून तीन.

१) मिलिंद शिंदे. एक प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव, आनंद शिंदेंचे भाऊ, खणखणीत गाणारे. दुसरे नट, पिक्चर-सिरियलमधे बहुतेक वेळा डोळे वटारणारे. नटाची मुलाखत लावली की खाली हमखास 'दादा एक भीमगीत होऊन जाऊ द्या' अशी कमेंट सापडते.

२) राम कदम. 'पिंजरा'चे (१९७२) संगीतकार. मिरजेचा माणूस, बँडमधून वर आलेला, लावणीची चाल बांधावी तर त्यांनी. आता नाव टाकून सर्च करा. घाटकोपरच्या आमदारांचे फोटो, भाषणं, दहीहंडी, सगळं येतं आणि 'पिंजरा' कुठेतरी खाली गडप. आमदारांचा यात काही दोष नाही हो, त्यांचं नाव त्यांच्या आईवडलांनी ठेवलंय. पण नवीन पोराला राम कदम शोधायचे तर त्याने पुढे 'संगीतकार' लिहायला पाहिजे हे त्याला कोण सांगणार?

३) ही नियमात बसत नाही पण मी टाकणारच. दत्ताराम आणि एन. दत्ता. दोघांची मुळं गोव्याकडची, दोघे मोठ्यांचे असिस्टंट, दोघांचा बहराचा काळ पन्नासच्या दशकाची अखेर. दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशनकडे, 'परवरिश'चं 'आँसू भरी हैं' त्यांचं, आणि ढोलकीवरचा तो 'दत्तू ठेका' त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एन. दत्ता म्हणजे दत्ता नाईक, एस. डीं.कडे असिस्टंट, मग 'साधना', 'धूल का फूल', आणि मराठीत 'मधुचंद्र' (१९६७). आणि हे दोन कमी पडतात म्हणून तिसरे दत्ता डावजेकर, ज्यांच्याकडे लताबाई हिंदीत पहिल्यांदा प्लेबॅक गायल्या (१९४७, 'आप की सेवा में'). रेडिओवर एकाने 'मधुचंद्र'ची गाणी लावून दत्तारामांच्या आठवणी सांगितलेल्या मी स्वतः ऐकल्यात, शेवटपर्यंत कुणी थांबवलं नाही.

डोंबिवली_स्लो

उल्हास बापट! एक संतूरवादक, आर. डीं.च्या गाण्यांमधे वाजवलेले, संतूर क्रोमॅटिक (म्हणजे बाराही सुरांच्या) पद्धतीने लावायची स्वतःची रीत काढलेले, २०१८ मधे गेले. दुसरे पुण्याचे घटनातज्ज्ञ. कोर्टाचा मोठा निकाल लागला की चॅनलवर 'उल्हास बापट' दिसतात आणि आमच्या बाबांचा दर वेळी तोच प्रश्न, हे संतूर सोडून यात कधी पडले? सांगून दमलो, आता 'रिटायर झाल्यावर' असं उत्तर देतो.

गिरगावची_माई

मुलांनो, सुलोचना कुणालाच आठवली नाही? की ती तुमच्या जन्माआधीची म्हणून सोडली?

एक नाही, तीन आहेत. सगळ्यात आधीची मूकपटातली. तिचं खरं नाव रुबी मायर्स, पुण्यात १९०७ ला जन्मलेली बगदादी ज्यू मुलगी, टेलिफोन ऑपरेटर होती, सिनेमात आली आणि 'सुलोचना' झाली. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' मधे (१९२७) एकटीने आठ भूमिका केल्यान. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला. दुसऱ्या आमच्या दीदी, सुलोचना लाटकर, 'वहिनींच्या बांगड्या', 'मोलकरीण', 'एकटी', आणि हिंदीत निम्म्या हिरोंची आई. तिसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीसम्राज्ञी, त्या आमच्या गिरगावच्याच हो, अगदी घरच्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता 'सोळावं वरीस धोक्याचं' गायच्या, आणि समोरची माणसं शिट्ट्या घालायची.

आता गंमत ऐका, गंमत कसली म्हणा. चव्हाणबाई १० डिसेंबर २०२२ ला गेल्या. आमच्या वाडीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी फोटो आला, कपाळाला ठसठशीत कुंकू, काठापदराची साडी, चेहऱ्यावर ते आईपण, खाली 'लावणीसम्राज्ञी सुलोचनाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेले. फोटो दीदींचा! दीदी तिकडे प्रभादेवीला चांगल्या हयात. मी लिहिलं अरे फोटो काढा, तोवर पस्तीस जणांनी 'ओम शांती' टाकून झालेलं, एकानेही फोटोकडे बघितलेलं नाही. मग पुढच्या जूनमधे दीदी खरंच गेल्या तेव्हा आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने ग्रुपवर विचारलं, 'ह्या गेल्या वर्षीच गेल्या ना?' आता काय बोलायचं सांगा.

चष्मिष

माई _/\_

सुलोचनामधे अजून एक मेख आहे. १९५३ च्या 'अनारकली'त क्रेडिटला सुलोचना आहे आणि बऱ्याच ठिकाणी ते नाव लाटकर दीदींच्या यादीत घातलेलं दिसतं. ती रुबी मायर्स आहे, जोधाबाईच्या भूमिकेत. हीच बाई १९२८ च्या मूकपटात अनारकली होती, १९३५ च्या बोलपटात परत अनारकली, आणि १९५३ ला सलीमची आई. एकाच गोष्टीत नायिकेपासून सासूपर्यंतचा प्रवास केलेली दुसरी नटी मला तरी माहीत नाही, आणि नेमकं ते काम लोक दुसरीच्या नावावर टाकतात. खिडकीसीट म्हणतात ते हेच की.

आणि चव्हाणबाई लग्नाआधी कदम. 'ढोलक' (१९५१) मधलं 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर' सुलोचना कदम या नावाने आहे. हिंदी जुन्या गाण्यांचे दर्दी सुलोचना कदम म्हणून हळहळतात की बाई कुठे गायब झाली, इकडे ती मराठीत दणक्यात गात होती. म्हणजे बायका तीन, नावं चार, आणि याद्या सगळ्या चुकीच्या.

नाट्यवेडा_दादर

चव्हाणबाईंच्या घरातच अजून एक आहे. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण, ढोलकीवादक, नावाजलेले. आणि आपले 'मोरूची मावशी'वाले विजय चव्हाण. ऑगस्ट २०१८ मधे मावशी गेली तेव्हा ढोलकीवाल्यांच्या घरचा फोन किती वाजला असेल विचार करा.

बाकी नाटकात हा प्रश्न पदव्यांचा जास्त. गंधर्व बघा. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. यातलं एकही जन्माचं नाव नाही आणि कुणी कुणाचा नातलग नाही. माझ्या भाच्याला कितीतरी दिवस वाटत होतं की हे एकच घराणं आहे, बाल मोठा होऊन कुमार झाला आणि छोटा हा धाकटा भाऊ.

खिडकीसीट

भाच्याला साष्टांग नमस्कार 😂

जेजेवाला

चित्रकलेकडे कुणी वळणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच.

बाबूराव. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे, स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवलेला माणूस, 'सैरंध्री' (१९२०), 'सावकारी पाश' (१९२५). दुसरे बाबूराव पेंढारकर, नट, भालजींचे भाऊ, 'अयोध्येचा राजा'तले (१९३२). तेही कोल्हापूरचेच आणि सुरुवात त्याच कंपनीतून, म्हणजे 'बाबूराव कंपनीत आले' असं जुन्या आठवणीत वाक्य आलं की पुढची दोन पानं वाचल्याशिवाय कोण आलं ते कळत नाही. तिसरे मुंबईत, 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल, ते पहिल्या दोघांच्या पिक्चरवर झोड उठवायला मोकळे.

मॉडर्न चित्रकलेत प्रभाकर. बरवे आणि कोलते. दोघे जेजे स्कूल ऑफ आर्टचे, दोघे मुंबईचे, दोघांवरही मराठीत लिहिताना नुसतं 'प्रभाकर' लिहायची लोकांना खोड. बरव्यांच्या चित्रात घड्याळ, पान, लिफाफा अशा ओळखीच्या वस्तू सपाट अवकाशात तरंगत असतात. कोलत्यांच्यात वस्तूच नाही, रंगाचे थर, पुसणं, परत लावणं. चित्र समोर असेल तर गोंधळायला जागाच नाही. पण छापील लेखात चित्र टपाल तिकिटाएवढं आणि काळंपांढरं असतं तिथे सगळं चालतं.

अवांतरराव

चौथे 'हेरा फेरी'तले बाबूराव गणपतराव आपटे. 'उठा ले रे बाबा'. यांना धाग्यात जागा नाही दिली तर मी उपोषणाला बसेन.

उपोषणावरून आठवलं, शांता आपटे. प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसल्या होत्या. 'कुंकू'मधली (१९३७) ती ताठ मानेची नीरा. आणि 'माणूस'मधे (१९३९) 'कशाला उद्याची बात' म्हणणाऱ्या शांता हुबळीकर. दोघी शांता, दोघी प्रभातच्या, दोघी गाणाऱ्या, दोन वर्षांच्या अंतरात दोघींचे गाजलेले पिक्चर, दोन्ही व्ही. शांतारामांचे. 'प्रभातची शांता' म्हटलं की पन्नास टक्के चान्स. नियमात बसतंय, उगाच डिलीट करू नका.

मीठभाकर

राजा कुणी घेतले नाहीत अजून? राजा परांजपे दिग्दर्शक, राजा गोसावी नट, 'लाखाची गोष्ट' (१९५२) मधे दोघे एकत्र. शिवाय राजा ठाकूर ('मुंबईचा जावई'), राजा नेने, राजा बढे, राजा नवाथे ('आह' आणि 'गुमनाम'). मराठी पिक्चरला प्रेक्षक कमी पण राजे भरपूर.

खिडकीसीट

मीठभाकर, हे पहिल्या नावाचे झाले, नियमभंग. विनोद बरा आहे म्हणून ठेवतो.

मेटाडेटाबाई

रोज याच गोंधळावर पोट भरते म्हणून लिहितेय, अंधेरीत म्युझिक कॅटलॉगचं काम करते. जरा लांबण लागेल.

तुम्ही गाणं स्ट्रीमिंग ॲपवर टाकता ते थेट टाकत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर असतो. त्याच्या फॉर्मवर गायकाचं नाव लिहिलं की तो विचारतो, या नावाचं पान आधीच आहे, त्याला जोडू की नवीन पान काढू? इथे घाईत चुकीचं टिक झालं की नागपूरच्या कॉलेजातल्या पोराचं रॅप एखाद्या बुजुर्ग नाट्यगीत गायकाच्या पानावर जाऊन बसतं. मग त्या बुजुर्गांच्या फॉलोअरला नोटिफिकेशन जातं 'नवीन गाणं आलं'. ते काढायचं तर मेल, परत मेल, पुरावा, परत मेल. दरम्यान ऐकणाऱ्यांचे आकडे भलत्याच्याच पानावर.

पैशाची बाजू थोडी बरी आहे. गीतकार-संगीतकार आयपीआरएससारख्या, रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद झाले की त्यांना आयपीआय नंबर मिळतो, तो जगभर एकच, नाव सारखं असलं तरी नंबर वेगळा. गायक, लेखक, चित्रकार सगळ्यांसाठी आयएसएनआय म्हणून सोळा अंकी नंबर आहे, आंतरराष्ट्रीय मानक आहे ते. पण हे नंबर भरायचे कुणी? जुन्या कॅटलॉगची एक्सेल शीट येते त्यात कंपोझरच्या रकान्यात नुसतं 'दत्ता' लिहिलेलं असतं. टेपरेकॉर्डर, तुमचं तीन नंबरचं उदाहरण माझ्या टेबलावर आठवड्याला येतं. मग मी काय करते, गाणं ऐकते, पिक्चरचं साल बघते, गीतकार बघते, आणि तरी नाही कळलं तर दादरच्या एका काकांना फोन लावते ज्यांच्याकडे तबकड्या आहेत. लेबलवर सगळं छापलेलं असतं, कुणी टाईप करून घेतलं नाही एवढंच.

टेपरेकॉर्डर

तबकड्यांवाल्यांना ही अक्कल शंभर वर्षांपूर्वी होती. नावापुढे गाव छापायचे. जोहराबाई आग्रेवाली आणि जोहराबाई अंबालेवाली. पहिल्या १९१३ ला गेल्या, खयाल-ठुमरीच्या रेकॉर्ड, फैयाज खाँसाहेबांवर त्यांच्या गाण्याचा प्रभाव होता म्हणतात. दुसऱ्या 'रतन'वाल्या (१९४४), 'अखियाँ मिला के जिया भरमा के'. आडनावाची भानगडच नाही, गाव लावलं की काम झालं.

आणि गुलाम अली. बडे गुलाम अली खाँ, आणि ग़ज़लवाले गुलाम अली, हे तर नावच बडे खाँसाहेबांवरून ठेवलेलं आणि पुढे त्यांचेच शागिर्द झाले. नामसाधर्म्य ठरवून केलेलं.

नाट्यवेडा_दादर

ठरवून ठेवलेलं म्हणाल तर रमेश तेंडुलकरांनी, कीर्ती कॉलेजला मराठी शिकवायचे, कवी माणूस, मुलाचं नाव सचिन देव बर्मनवरून ठेवलं. मुलगा गायला लागला नाही ते बरं झालं, नाहीतर या धाग्यात आला असता.

डोंबिवली_स्लो

हॉलीवूडमधे याला सरळ नियम आहे ना? युनियनमधे एका नावाचा एकच मेंबर. मायकल कीटनचं खरं नाव मायकल डग्लस, पण त्या नावाचा आधीच होता म्हणून बदललं. मायकल जे. फॉक्समधला 'जे' पण त्यातलाच, आधी एक मायकल फॉक्स होता. तिकडे गाणाऱ्यांतही डेव्हिड जोन्सचा डेव्हिड बोवी झाला कारण मंकीज बँडमधे डेव्ही जोन्स होता. आपल्याकडे पण सक्ती करायला पाहिजे.

चष्मिष

सक्तीला माझा विरोध. का बदलायचं नाव? आधी आला त्याचा सातबारा आहे का नावावर? आणि आपल्याकडे कुलकर्णी, शिंदे, पवार, जोशी ही आडनावं इतकी की दर पिढीत चार तरी होणारच, सगळ्यांनी नावं बदलायची? शशी कपूरला लहानपणी 'शशिराज' व्हावं लागलं कारण पौराणिक पिक्चरमधे काम करणारा शशी कपूर नावाचा दुसरा बालनट आधीच होता. पुढे शशी कपूर कोण ठरला ते आपल्याला माहीत आहे, त्या पहिल्या मुलाला आज कोण ओळखतं? म्हणजे शेवटी जो जास्त चालतो नाव त्याचं, नियम असो नसो.

आणि तिकडे तरी कुठे सुटलंय, स्टीव्ह मॅक्वीन नट आणि स्टीव्ह मॅक्वीन दिग्दर्शक, दोघे जगप्रसिद्ध. दुसऱ्याने नाव बदललं नाही, काही बिघडलं नाही.

मेटाडेटाबाई

मॅक्वीनचं बिघडलं नाही कारण दोघेही मोठे. माणिक वर्मा घ्या. आपल्या माणिकताई, माहेरच्या दादरकर, भारती आचरेकर आणि वंदना गुप्त्यांच्या आई. आणि मध्य प्रदेशचे हास्यकवी माणिक वर्मा, पुरुष. कविसंमेलनाच्या ऑडिओवर ॲपने ताईंचा तंबोऱ्यासकट फोटो लावलेला मी काढलाय. इथे कुणी कमी मोठं नाही, पण मराठी माणसाला कवी माहीत नाहीत, हिंदीवाल्यांना ताई माहीत नाहीत, त्यामुळे तक्रारच येत नाही. तक्रार आली नाही की चूक तशीच राहते.

नाव बदलायची सक्ती नकोच. पण वडलांचं नाव लिहा की मधे. मराठी लेखक आद्याक्षरं लावतात ती काय हौस म्हणून?

अवांतरराव

आद्याक्षरांनीही भागत नाही. वि. वा. शिरवाडकर आणि वि. वा. हडप. लायब्ररीत 'विवांची कादंबरी द्या' म्हणून बघा. आणि कथाकार अरविंद गोखले आणि 'केसरी'चे माजी संपादक अरविंद गोखले, यांनी तर आद्याक्षरं लावलीच नाहीत.

गिरगावची_माई

दुर्गाबाई राहिल्या. खोटे आणि भागवत. आमच्या वेळी 'काल दुर्गाबाई बोलल्या' म्हटलं की पहिला प्रश्न, नटी का लेखिका? बोलल्या आणि सरकारला झोंबलं म्हटलं की समजायचं भागवत.

जेजेवाला

माई _/\_ _/\_

खिडकीसीट

यादी करायला घेतलीये, वरच्या पोस्टमधे टाकतो. मेटाडेटाबाई, तुमच्या सल्ल्याने प्रत्येक नावासमोर साल, गाव आणि एक काम असे तीन रकाने ठेवतोय, शेपटं नाही लावत. सोनालींचं मात्र अडलंय, सीनियर-ज्युनियर लिहायला जीवावर येतं, दोघींना आवडेल का कुणास ठाऊक. सध्या 'दोघी' १९९५ आणि 'नटरंग' २०१० असं लिहून ठेवलंय.

मीठभाकर

'दोघी' लिहिलं तर लोकांना वाटेल दोघींची मिळून एकच नोंद आहे.

खिडकीसीट

🤦 'दिल चाहता है' २००१ करतो.